हेवीवेटचा ठोसा आणि हनुवटी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सामान्यतः २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वरचा गट तो हेवीवेट. वरची मर्यादा नाही. २०१८ मध्ये ९६ किलोचा डिऑन्टे वाइल्डर ११६ किलोच्या टायसन फ्युरीसमोर उभा राहिला तो याच नियमाने. त्यामुळे कोणाचा ठोसा जड आणि कोणाची हनुवटी पक्की (म्हणजे ठोसा सोसायची ताकद जास्त) हा वाद या गटात सगळ्यात जास्त रंगतो. या वेळच्या पत्रांतही तोच वाद आहे.

प्रश्न : दोन बॉक्सरांची तुलना करताना मी नॉकआउटची टक्केवारी पाहतो. त्या हिशेबाने वाइल्डर हा जॉर्ज फोरमनपेक्षा जास्त ताकदीचा ठरतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

टक्केवारी कशाची काढली हे आधी तपासा. फोरमनच्या ८१ लढती, ७६ विजय आणि ६८ नॉकआउट. विजयांशी भागलं तर ८९ टक्के येतात, एकूण लढतींशी भागलं तर ८४. मोहम्मद अलीचे ६१ लढतींत ३७ नॉकआउट, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. रॉकी मार्सियानोचे ४९ पैकी ४३, म्हणजे ८८. एका बॉक्सरला विजयांचा भागाकार आणि दुसऱ्याला लढतींचा, अशी सरमिसळ झाली की तुलना तिथेच बिघडते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे समोर कोण होतं ते या आकड्यात दिसत नाही. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत वाइल्डरच्या ४३ लढती, ४२ विजय, एक बरोबरी आणि तब्बल ४१ नॉकआउट होते. त्यातल्या पहिल्या ३२ लढती चार फेऱ्यांच्या आतच संपल्या होत्या, पण त्या प्रतिस्पर्ध्यांत पहिल्या रांगेतलं कोणी नव्हतं. ३३ वी लढत जानेवारी २०१५ मध्ये बर्मेन स्टिव्हर्नशी झाली. तो डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) विजेता होता आणि तो बाराही फेऱ्या उभा राहिला. (नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच स्टिव्हर्नला वाइल्डरने पहिल्याच फेरीत पाडलं. एकच लढत पाहून निकाल देऊ नये तो यासाठीच.)

आमची पद्धत अशी. बॉक्सरच्या कारकिर्दीतल्या पहिल्या १५ लढती बाजूला ठेवा. जिंकण्यापेक्षा हरलेल्या लढती जास्त असलेले प्रतिस्पर्धीही गाळा. उरलेल्या प्रत्येक लढतीसमोर वहीत लिहा: प्रतिस्पर्ध्याचं वय आणि वजन, त्याआधी त्याला कोणी थांबवलं (म्हणजे फेऱ्या पूर्ण होण्याआधीच हरवलं) होतं का, लढत कितव्या फेरीत संपली, कोणत्या हाताने, आणि एका ठोशाने की माऱ्याने. रेफरीने थांबवली की कॉर्नरने (बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या साथीदारांनी) टॉवेल टाकला, हेही वेगळं नोंदवा. या रकान्यांपैकी सगळ्यात बोलका रकाना म्हणजे 'याआधी कोणी थांबवलं होतं का'. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं, तेव्हा फ्रेझर अपराजित होता. वाइल्डरने २०१८ मध्ये लुईस ऑर्टिझला दहाव्या फेरीत थांबवलं, तेव्हा ऑर्टिझही अपराजित होता. अशा एका नोंदीचं वजन दहा सोप्या नॉकआउटपेक्षा जास्त.

पण वयाचा रकाना विसरू नका. लॅरी होम्स ७५ लढतींत फक्त एकदाच थांबवला गेला, जानेवारी १९८८ मध्ये माइक टायसनकडून, चौथ्या फेरीत. नोंद मोठीच आहे. मात्र होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि एप्रिल १९८६ नंतर रिंगमध्ये उतरलाच नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये टायसनने अपराजित मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं, ती नोंद आम्ही होम्सच्या वर ठेवू.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: एका उजव्या हाताच्या एकाच ठोशाचा जोर मोजायचा तर वाइल्डर कोणाच्याही शेजारी उभा राहील. एकूण मारक ताकद म्हणाल तर आम्ही फोरमनला वर ठेवतो. त्याचे दोन्ही हात जड होते, गार्डवर (बचावाला उचललेल्या हातांवर) बसलेला ठोसाही समोरच्याला हलवायचा, आणि १९७३ साली फ्रेझरला पाडणाऱ्याने नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तिन्ही जजांच्या गुणांच्या कार्डांवर मागे असताना दहाव्या फेरीत मायकल मूररलाही पाडलं.

प्रश्न : व्हिडिओ पाहताना ठोसा खरंच जड बसला की नुसता आवाज झाला, हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नाशिक)

आवाजावर जाऊच नका. रिंगच्या कडेला मायक्रोफोन लावलेले असतात आणि हातमोज्याच्या आतल्या बाजूने बसलेली थप्पड सगळ्यात मोठी वाजते. नकल म्हणजे बोटांची पेरं नीट बसलेला ठोसा पुष्कळदा दबका ऐकू येतो. घामाचा फवाराही फसवतो. कपाळावर बसलेल्या साध्या जॅबनेही (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानेही) तो उडतो.

फेरी पुन्हा लावा, निम्म्या वेगाने, आणि मारणाऱ्याकडे न पाहता खाणाऱ्याच्या पायांकडे पाहा. गुडघा क्षणभर सैल पडला का? पावलं एकमेकांजवळ आली का? तो मागे सरकताना टाच आधी टेकतोय का? ठोसा बसल्यावर लगेच मिठी मारायला धावला का? डोकं मागे गेलेलं नाट्यमय दिसतं, पण ढकलल्यासारखं हळू गेलं तर त्यात फारसं काही नसतं. मान स्थिर राहून चेहरा झटक्यात बाजूला वळला तर तो ठोसा वाईट, कारण मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा डोक्याचं झटक्याने फिरणं जास्त बाधतं. हनुवटीच्या टोकावर आडवा बसलेला हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) म्हणूनच इतका घातक. हनुवटी ही त्या फिरण्याची लांब दांडी आहे.

दुसरी खूण प्रतिस्पर्ध्याच्या वागण्यात मिळते. पहिला स्वच्छ ठोसा बसण्याआधीच्या आणि नंतरच्या एका मिनिटात त्याने किती ठोसे टाकले ते मोजा. खरोखर जड हात लागला की माणूस स्वतःचा उजवा हात टाकायचं सोडतो, कारण तो टाकताना आपण उघडे पडतो हे त्याला कळलेलं असतं. २०१८ च्या पहिल्या लढतीत फ्युरी बहुतेक फेऱ्या जिंकत होता, तरी प्रत्येक देवाणघेवाणीनंतर तो लांब सरकायचा. वाइल्डरच्या ताकदीचा तोही पुरावा आहे, नॉकडाउनइतकाच.

आणि प्रत्येक नॉकडाउन ताकदीचा नसतो. पावलं एका रेषेत असताना, एक पाय हवेत असताना किंवा मागे झुकताना हलका ठोसाही माणसाला खाली बसवतो. असा माणूस लगेच उठतो, डोळे स्वच्छ असतात, रेफरीच्या आठ मोजून होईपर्यंत तो चिडलेला दिसतो. जजांच्या कार्डावर मात्र दोन्ही सारखेच, साधारण १०–८ (पाडणाऱ्याला १० गुण, पडलेल्याला ८). तुमच्या वहीत ते वेगळे लिहा.

ताकद फेऱ्यांबरोबर उतरते का, हेही पाहा. अर्नी शेव्हर्ससारखा जड हात क्वचितच दिसला. मार्च १९७९ मध्ये त्याने केन नॉर्टनला पहिल्या फेरीत संपवलं, सप्टेंबरमध्ये सातव्या फेरीत होम्सलाही पाडलं. पण होम्स उठला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सच थांबवला गेला. उलट मार्सियानो १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मागे असताना तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने जगज्जेता झाला. पहिल्या तीन फेऱ्यांतला जोर आणि दहाव्या फेरीनंतरचा जोर हे दोन वेगळे गुण आहेत.

प्रश्न : आमच्या जवळच्या मॉलमध्ये ठोसा मोजायचं यंत्र आहे. मित्राचे ८०० आले. खऱ्या हेवीवेटचे किती येतील? (एक वाचक, ठाणे)

त्या यंत्राला एकक नाही, त्यामुळे तुलना होऊच शकत नाही. त्याची गादी बिजागरीवर फिरते. धावत येऊन ढकललं तरी आकडा वाढतो.

प्रयोगशाळेतले आकडे आहेत. १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेवीवेट फ्रँक ब्रूनोच्या ठोशाचं मोजमाप प्रसिद्ध झालं. मूठ आदळताना वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३२ किलोमीटर होता. जास्तीत जास्त बल ४०९६ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाइतकं, आणि ते स्पर्शानंतर १४ मिलिसेकंदांत गाठलं गेलं. संशोधकांनी त्याची तुलना ताशी २० मैलांनी फिरवलेल्या ६ किलोच्या गादी लावलेल्या लाकडी हातोड्याशी केली. २००५ मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांवर झालेल्या अभ्यासात सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर आणि सरासरी बल ३४२७ न्यूटन निघालं. वजनगट वाढला तसं बल वाढलं, पण त्याचं मुख्य कारण हाताचा वेग नव्हता. ठोशामागे येणारं परिणामी वस्तुमान वाढलं होतं.

शिकणाऱ्याच्या कामाची गोष्ट तीच. ९० किलोच्या माणसाचं सगळं वजन ठोशात जात नाही. त्या अभ्यासात सरासरी २.९ किलोच जात होतं. मागच्या पायाचा चवडा जमिनीत रोवून फिरणं, कंबर आधी आणि खांदा नंतर येणं, आदळण्याच्या क्षणी मनगट व कोपर एका रेषेत घट्ट होणं, यावर ते ठरतं. मनगट मुडपलं की जोर तिथेच गळतो आणि हाडही मोडतं. बॅगवर खूण सोपी आहे: ४५ किलोची बॅग लांब झोके घेत असेल तर तुम्ही ढकलताय, जागच्या जागी दचकून मधे मुडपत असेल तर ठोसा आत जातोय.

प्रश्न : फ्युरी इतक्या वेळा पडला आहे, तरी त्याची हनुवटी पक्की म्हणतात. हे कसं? (एक वाचक, स्लाऊ, इंग्लंड)

कारण 'पक्की हनुवटी' या एका नावाखाली लोक तीन गोष्टी भरतात. ठोसा बसल्यावर पाय जागेवर राहणं ही एक. हललेले पाय किती लवकर परत येतात ही दुसरी. आणि हललेल्या अवस्थेत डोकं शाबूत ठेवून पुढची ३० सेकंदं काढता येणं ही तिसरी.

पहिल्या गोष्टीत फ्युरी फार वरचा नाही. २०१३ मध्ये त्याच्याहून कितीतरी हलक्या स्टीव्ह कनिंगहॅमने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं; २०२३ मध्ये रियाधला, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिलीच लढत खेळणाऱ्या फ्रान्सिस एन्गानूनेही तिसऱ्या फेरीत पाडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत मात्र त्याच्या तोडीचे हेवीवेट मोजके. कनिंगहॅमला त्याने सातव्या फेरीत नॉकआउट केलं. वाइल्डरने त्याला तीन लढतींत चार वेळा पाडलं आणि एकदाही दहा मोजून घेता आले नाहीत. २०१८ च्या बाराव्या फेरीत तो पाठीवर आडवा झाला होता. रेफरी जॅक रीसने लढत तिथेच न थांबवता मोजायला सुरुवात केली, फ्युरी उठला आणि फेरी संपता संपता तोच पुढे चालून जात होता.

फ्लॉइड पॅटरसनचं उदाहरणही लक्षात ठेवा. जून १९५९ मध्ये इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा पाडलं, आणि पुन्हा पुन्हा तो उठला. पाय कच्चे, सावरणं विलक्षण. पुढच्या वर्षी त्याने योहान्सनलाच नॉकआउट करून किताब परत मिळवला; हेवीवेटमध्ये असं करणारा तो पहिला.

याच्या उलट टोकाला अँथनी जोशुआ–अँडी रुईझ लढत, जून २०१९. तिसऱ्या फेरीत जोशुआने रुईझला पाडलं, मग संपवायच्या घाईत कानशिलाजवळ डावा हुक खाल्ला. त्यानंतर त्याचे पाय परतलेच नाहीत. चार वेळा पडून सातव्या फेरीत लढत संपली. कानाजवळचा ठोसा जबड्यावरच्या ठोशासारखा दिवे घालवत नाही, तोल घालवतो. शुद्ध असते, डोळे उघडे असतात, पण जमीन हलते. अशा बॉक्सरचं डोकं ठिकाणावर दिसतं म्हणून तो सावरला असं समजू नका.

प्रश्न : कधीच न पडलेला हेवीवेट कोण? आणि व्लादिमिर क्लिचकोची हनुवटी मधेच सुधारली ती कशी? (एक वाचक, म्हापसा)

जॉर्ज शुव्हालो, कॅनडाचा. ९३ लढती, त्यात अली दोनदा, फ्रेझर, फोरमन, आणि एकदाही खाली नाही. फ्रेझरने १९६७ मध्ये आणि फोरमनने १९७० मध्ये त्याला थांबवलं, पण दोन्ही वेळा तो उभाच होता. विताली क्लिचकोही ४७ लढतींत कधी पडला नाही. २००० मध्ये खांद्याच्या दुखापतीने आणि २००३ मध्ये लेनॉक्स लुईसविरुद्ध डोळ्यावरच्या जखमांमुळे हरला, एवढंच.

व्लादिमिरची हनुवटी सुधारली नाही. २००३ मध्ये कॉरी सँडर्सने आणि एप्रिल २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरने त्याला थांबवलं. त्यानंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली त्याने अंतर बदललं: लांब डावा जॅब, समोरचा आत आला की वरून वजन टाकून मिठी, ठोसा टाकल्यावर सरळ मागे न जाता बाजूला पाऊल. सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युएल पीटरने त्याला तीनदा पाडलंच, तरी तो गुणांवर जिंकला, आणि पुढे नोव्हेंबर २०१५ पर्यंत हरला नाही. सहनशक्ती जोखताना 'किती खाल्लं' हा आकडा म्हणूनच आधी लिहावा. दहा वर्षं ज्याला कोणी नीट गाठलंच नाही, त्याच्या हनुवटीबद्दल त्या दहा वर्षांवरून काहीच म्हणता येत नाही.

प्रश्न : मी कुस्ती करायचो, मान जाड आहे. बॉक्सिंगमध्ये तिचा उपयोग होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

होईल, पण ठोसा येताना दिसला तरच. मान ताठ व्हायला क्षणभर आधी सूचना लागते. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो आणि तिथे जाडीचा फारसा फायदा होत नाही. नॉकआउट करणारे ठोसे बहुधा न दिसलेलेच असतात, उदाहरणार्थ स्वतःचा हुक टाकताना हुकाच्या आतून आलेला उजवा.

कुस्तीतून येणाऱ्याची खरी अडचण वेगळी: पुढे झुकलेली शरीरयष्टी आणि खाली गेलेली नजर. अपरकट (खालून वर येणारा ठोसा) तिथेच सापडतो. हनुवटी छातीकडे दाबा, पण डोळे भुवयांखालून समोर ठेवा. दात मुखरक्षकावर घट्ट मिटलेले. तोंड उघडं असताना बसलेला हुक जबडा मोडतो. मानेसाठी आठवड्यातून दोनदा, तळहाताने विरोध देत पुढे, मागे, दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० सेकंदांचे तीन-तीन दाब पुरेत. डोक्याला पट्टा लावून वजन उचलायचं तर २ किलोपासून, १५ ते २० वेळा, सावकाश. डोकं मातीत टेकवून मानेवर सगळं अंग तोलण्याचा व्यायाम सवयीचा असला तरी स्पारिंगच्या (सरावाच्या लढतीच्या) दिवशी करू नका. थकलेली मान सैल असते.

प्रश्न : जखमेमुळे थांबलेली लढत सहनशक्तीच्या खात्यात कशी धरायची? (एक वाचक, पुणे)

वेगळ्या रकान्यात. भुवईवरची कातडी फाटणं आणि मेंदू हलणं यांचा संबंध नाही. आपल्या सतीशकुमारचं उदाहरण घ्या. ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय सुपर हेवीवेट. टोकियोत चेहऱ्यावर १३ टाके घेऊन तो उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोवसमोर उपांत्यपूर्व फेरीत उतरला आणि ०–५ हरला, पण तिन्ही फेऱ्या उभा राहिला. जलोलोवने पुढे सुवर्ण जिंकलं. त्याच्या जिद्दीबद्दल आम्हाला आदर आहे. मात्र तीन फेऱ्यांच्या हौशी लढतींवरून बारा फेऱ्यांची हनुवटी जोखू नये.

प्रश्न : मार खाऊन हनुवटी पक्की होते, असं आमच्या जिममध्ये सांगतात. हे खरं का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अजिबात नाही, आणि असं शिकवणाऱ्याकडे शिकू नका. प्रत्येक मोठा धक्का पुढचा धक्का सोसायची ताकद कमी करतो.

मॅगोमेद अब्दुसलामोवची लढत प्रत्येक प्रशिक्षकाने पाहावी. १८ लढती, १८ नॉकआउट घेऊन तो २ नोव्हेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये माइक पेरेझसमोर उतरला. नाक आणि गालाचं हाड मोडलं, तरी दहाही फेऱ्या उभा राहिला, एकदाही पडला नाही. नंतर टॅक्सीने रुग्णालयात पोहोचला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. तो कायमचा अपंग झाला आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. पक्क्या हनुवटीचा बॉक्सर पडत नाही, म्हणून रेफरी थांबवत नाही, म्हणून तो जास्त खातो.

जिममध्ये इतकं पाळा. डोक्यावर पूर्ण जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको. हेवीवेटना १६ औंसांचे हातमोजे, आणि हेडगार्ड असलं तरी ते जखमा वाचवतं, धक्का नाही, हे लक्षात ठेवा. पाय सैल पडले, क्षणभर शुद्ध गेली किंवा फेरी आठवेना, तर त्या दिवशी सगळं बंद. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, अडखळणारं बोलणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यांतलं एकही आढळलं तर थेट रुग्णालय, आणि त्या बॉक्सरला एकट्याने गाडी चालवत पाठवू नका. व्यावसायिक मंडळं नॉकआउटनंतर साधारण ६० ते ९० दिवस लढायला बंदी घालतात. जिममध्ये नॉकआउट झालेल्यालाही तोच नियम लावा; शिवाय डॉक्टर लेखी परवानगी देईपर्यंत स्पारिंग नाही, आणि परतल्यावर पहिले दोन आठवडे ठोसे फक्त पोटावर, डोक्यावर नाहीत.